लिफ्टवाल्यांचा भाग

सोमवार, २ फेब्रुवारी

तीस वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या लिहिल्या. नगरसभेत कोण काय बोलले, कोण सभात्याग करून चहाला गेले, कोण बसल्या जागी झोपले. आता चोपन्नाव्या वर्षी माझ्याच घरात बातमी घडते आहे आणि ती छापण्याजोगी नाही. म्हणून ही वही.

वस्तुस्थिती अशी की एकवीस दिवसांपूर्वी माझे लग्न झाले. वधू म्हणजे ज्यांच्या दुकानात मी सहा वर्षे चष्मे करून घेतले त्या बाई. अहो-जाहो अजून दोन्ही बाजूंनी सुटलेले नाही. गिऱ्हाईकपण अंगात मुरते. वहीपुरते तिला चष्मेवाली म्हणेन. राहायला मी तिच्या घरी आलो आहे. दुसरा मजला, डावीकडचे दार, तीन खोल्या. माझ्याबरोबर दोन बॅगा, शब्दकोशांची तीन खोकी आणि एक लॅपटॉप आला. लॅपटॉप चौथ्या दिवशी वारला. नको, हा शब्द या घरात जपून वापरायला हवा. बंद पडला.

कारण या घरात आधी एक गृहस्थ होते. लिफ्ट दुरुस्त करत. चार वर्षांपूर्वी आजारपणात गेले. त्यांचा लॅपटॉप अजून आहे. बिजागरी मोडली आहे, पाठीशी बिस्किटांचा डबा ठेवला की पडदा उभा राहतो. त्यांचा उल्लेख मी लिफ्टवाले असा करीन, आदरार्थी बहुवचनात.

आणि त्यांची मुलगी, सोळा वर्षांची. ती युवराज्ञी, कारण राज्य तिचे आहे आणि मी नुकताच दाखल झालेला राजदूत. माझी अधिकारपत्रे अद्याप स्वीकारलेली नाहीत. ती मला काका म्हणते, पण अशा सुरात, की तोच शब्द मीटर वाचायला आलेल्या माणसालाही चालावा.

मला घराची किल्ली करून दिली आहे. ती नीट कापलेली नाही. दोनदा अडते, तिसऱ्यांदा फिरते. किल्लीवाल्याकडे परत न्यायची.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ठरले. तिघांत मिळून एक नवा लॅपटॉप घ्यायचा आणि दोन्ही जुन्यांतले सगळे त्यात उतरवायचे.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. साठीच्या एक बाई ते चालवतात. आधी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आता हे. सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हटले; त्यांनी चष्म्यावरून माझ्या केसांकडे पाहिले, पण हरकत घेतली नाही.

त्यांनी विचारले, डिस्कचे भाग किती पाडायचे आणि कोणाला किती. मी म्हटले, एकच ठेवा, सुखाने नांदू. "एका खोलीत तिघांचं सामान? आठ दिवसांत भांडाल," मावशी म्हणाल्या. मग जुन्या बिलाच्या पाठीवर त्यांनी एक लांब पट्टी काढली. डिस्क म्हणजे ही लांबच लांब खोली, म्हणे. भिंती कुठे घालायच्या ते आधी सांगा. मागाहूनही भिंत हलवता येते, पण आत सामान भरलेले असताना हलवायला मला आवडत नाही. तेव्हा घरी जा, बसा, ठरवा आणि चिठ्ठी लिहून आणा.

डिस्क हजार जीबीची. यंत्र मात्र नऊशे एकतीसच दाखवते. उरलेल्या एकोणसत्तरांचे काय झाले, असे मी सभेत विचारतात तसे विचारले. मावशी म्हणाल्या, कारखाना हजाराने मोजतो, यंत्र हजार चोविसाने. भांडायचे तर दोघांशी भांडा, मला मध्ये घेऊ नका.

रविवार, ८ फेब्रुवारी

संस्कृत पाठशाळेत काढलेली सहा वर्षे फुकट गेली असे वडील मरेपर्यंत म्हणत. वाटणीची प्रकरणे मला मुखोद्गत होती. थोरल्याला किती, धाकट्याला किती, स्त्रीधन कोणाचे, संन्यास घेतलेला भाऊ घरी परतला तर काय. आज त्या विद्येचा पहिल्यांदा उपयोग करायला बसलो आणि लक्षात आले की मृताला वाटा देण्याचे कलमच त्यात नाही. मृताचे वाटले जाते. मृताला काही दिले जात नाही.

चष्मेवालीला विचारले. "मला काय, नंबरांच्या याद्या आणि दुकानाचे फोटो. कपाटाचा खालचा कप्पा देतात ना, तेवढं द्या." युवराज्ञींना विचारले. "कितीही," असे म्हणून त्यांनी हेडफोन चढवला. इतक्या थोडक्या उत्तरावर सभापती सभा तहकूब करतात. मीही केली.

लिफ्टवाल्यांचे दोनशे बारा जीबी भरते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचे इतके काय असेल? भांडी विसळताना चष्मेवालीने सांगितले. आवाज. लिफ्टचा दोष त्यांना कानाने कळायचा. लिफ्टमध्ये शिरायचे, रेकॉर्डिंग सुरू करायचे, आधी जागा, मजला आणि वेळ सांगायची. मग तोंड मिटून वर-खाली जायचे. शेवटी निदान बोलायचे आणि बंद करायचे. अकराशेच्या वर आहेत. तेही मोठ्या, जड फायलींत, कारण दाबून लहान केलेल्या आवाजात दोष ऐकू येत नाही असे त्यांचे म्हणणे.

"आणि काही बिघडलेलं नसेल तर?" मी विचारले.

"तर म्हणायचे, दोष नाही. त्याच फायली जास्त जपायचे. चांगलं कसं वाजतं ते आधी कानात बसलं पाहिजे म्हणायचे." हे सांगताना तिचा हात नळाखाली तसाच राहिला. मी नळ बंद केला, तर म्हणाली, अजून दोन ताटे आहेत.

मी एक व्रत घेतले आहे. लिफ्टवाल्यांची एकही फाईल उघडायची नाही. परक्याची पत्रे वाचू नयेत, हा नियम आवाजांनाही लागू आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

चिठ्ठी तयार. यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला दीडशे. चष्मेवालीला दीडशे. त्यानंतर लिफ्टवाले, दोनशे पंधरा. त्यांच्या शेजारी युवराज्ञी, दोनशे. शेवटी मी, उरलेले दोनशे सोळा. युवराज्ञींना आम्हा दोघांच्या मध्ये ठेवले. लिफ्टवाल्यांना खेटून मी राहणे बरे दिसत नाही.

मग पाहिले तर मला त्यांच्यापेक्षा एक जीबी जास्त येत होता. माणूस ज्यांच्या घरात राहतो, ज्यांच्या खुर्चीत बसून लिहितो, त्यांच्याहून एक जीबी जास्त घेतो म्हणजे काय? तो एक त्यांना दिला. त्यांचे दोनशे सोळा, माझे दोनशे पंधरा.

मावशींनी चिठ्ठी वाचली. "यांचं भरलेलं दोनशे बारा. वर चारच?"

मी म्हटले, त्यांचे आता वाढायचे नाही.

मावशींनी चष्म्यावरून पाहिले. या वेळी केसांकडे नाही. "तुमची चिठ्ठी," एवढेच म्हणाल्या.

शनिवार, १४ फेब्रुवारी

लॅपटॉप आला. पडदा उघडला की पाच चौकोन. प्रत्येकाखाली किती भरले आणि किती रिकामे याची निळी रेघ. लिफ्टवाल्यांची रेघ काठोकाठ, माझी जेमतेम सुरू झालेली. चोपन्न वर्षांत मी एवढेच साठवले, हे असे रेघेत दाखवायची गरज नव्हती.

युवराज्ञींनी मागे उभे राहून पाहिले. "बाबांचं सगळं आलं?" सगळे, मी म्हटले. त्यांनी फायलींची संख्या जुन्या लॅपटॉपशी ताडून पाहिली आणि मान हलवली. मला ती मान आवडली. बातमीदाराने असेच असावे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

न्हाणीघरातला नळ टपटपत होता, त्याचा वायसर बदलला. पाऊण तास लागला. पहिला वायसर मोठा निघाला, दुसरा लहान. मधल्या काळात मी नळाला उद्देशून संस्कृतात जे बोललो ते इथे लिहीत नाही. पाहतो तर युवराज्ञींचा फोन साबणाच्या खाचेत उभा करून विसरलेला. पाणी उडाले असते तर? मुलांना वस्तूंची किंमत नाही. टॉवेलाने पुसून नेऊन दिला. "थँक्यू काका," म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रागावली असावी.

रविवार, २२ फेब्रुवारी

बटाटे सोलताना शब्दांची रूपे म्हणण्याची मला जुनी खोड आहे. प्रथमेपासून संबोधनापर्यंत एक बटाटा होतो. द्विवचनात जरा जास्त साल जाते. चष्मेवाली म्हणते, लग्नाआधी हे सांगायला हवे होते. आज सात बटाटे झाले. मिठाची बरणी उचलली तर मागे फोन, पालथा. पुन्हा नेऊन दिला, पुन्हा सांगितले की फोन म्हणजे मीठ नव्हे.

मंगळवार, ३ मार्च

युवराज्ञींना ताप. चष्मेवालीला दुकान बंद ठेवता येण्यासारखे नव्हते, मी रजा घेतली. थर्मामीटर, पाण्याच्या पट्ट्या, लिंबूपाणी. दुपारी म्हणाली, झोप येत नाही, डोकं दुखतंय. काय करावे सुचेना. गोष्टी मला येत नाहीत. नगरसभेच्या मागच्या बैठकीचे इतिवृत्त खिशात होते, ते वाचायला घेतले. गटार दुरुस्ती, विषय क्रमांक चार. या वाचनाने आजवर भल्याभल्यांना झोप लागली आहे. विषय क्रमांक सहापर्यंत तिला लागली. तरी मी अकरापर्यंत वाचले, मध्येच थांबलो तर जागी होईल म्हणून.

उशीखाली फोन होता. काढायला गेलो तर झोपेतसुद्धा मुठीतून सुटेना.

गुरुवार, १२ मार्च

सध्या नवीन. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा युवराज्ञींचा फोन चपलांच्या कपाटावर पडलेला असतो. रोज. मी किल्लीशी झगडून आत येतो, नेहमीप्रमाणे "आहे का कोणी घरात?" म्हणतो, आणि पहिले दर्शन फोनचे. दार सताड उघडे राहिले तर कोणीही उचलून नेईल. चष्मेवालीला सांगितले की तुम्हीच समज द्या, माझे ऐकत नाही. ती हसली आणि म्हणाली, "तुमचं फार ऐकते ती." उपरोध असावा.

मंगळवार, १७ मार्च

आज घराच्या कामी आलो, याचे समाधान आहे.

सकाळी लॅपटॉप उघडला तर पाटी आली की लिफ्टवाल्यांच्या भागात जागा संपली. हे कसे शक्य आहे? चार जीबी मोकळे सोडले होते आणि त्या भागात कोणी राहत नाही. तारखांप्रमाणे मांडणी केली. सगळ्यांत वर तेवीस फायली, फेब्रुवारी आणि मार्चच्या. नावे नाहीत, नुसते आकडे. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या फायलींवर गेल्या महिन्याची तारीख पडू शकत नाही. म्हणजे यंत्रानेच काही कचरा तयार केला असणार, किंवा कसली लागण झाली असणार, आणि ती त्या अकराशे आवाजांपर्यंत पोहोचली तर? 

व्रताप्रमाणे एकही उघडली नाही. तेवीसच्या तेवीस कचरापेटीत टाकल्या आणि पेटीही रिकामी केली. मला अर्धवट काम आवडत नाही. रेघ पुन्हा चार जीबींनी मागे सरकली. लिफ्टवाले सुरक्षित.

संध्याकाळी कोणाला सांगितले नाही. उपकार केल्यासारखे दिसले असते.

बुधवार, १८ मार्च

लिहवत नाही, तरी लिहितो.

शाळेतून आल्यावर युवराज्ञी लॅपटॉपवर बसल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत शब्दकोश लावत होतो.  मग दारात येऊन उभी राहिली.

"काका, बाबांच्यातलं काही काढलंत का?"

मी सगळे सांगितले. जागा, तारखा, कचरा, पेटी. अभिमानानेच सांगत होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहायला उशीर झाला.

"कचरा नव्हता. माझ्या होत्या त्या."

"तुझ्या? मग तुझ्या भागात का नाही?"

"त्या तिथल्याच होत्या," ती म्हणाली. फोनमध्ये आहेत का विचारले. फोनात जागा नसते म्हणून लगेच पुसते. कसल्या होत्या विचारले. "आवाज." तिने आरडाओरडा केला नाही, दार आपटले नाही. दार इतके हळू लावले की मला कडीचा आवाज ऐकू आला.

म्हणजे ती वडिलांशी बोलत होती. गेल्या दोन महिन्यांत तिच्या मनात जे काही साचले असेल ते तिथे जाऊन त्यांना सांगत होती. बहुतेक माझ्याचविषयी. आणि मी ते न ऐकता पुसले. परक्याचे पत्र वाचू नये हे मला शिकवले होते. न वाचता जाळू नये, हे मी स्वतःचे स्वतः शिकायला हवे होते.

गुरुवार, १९ मार्च

मावशींनी पहिला प्रश्न विचारला, त्यानंतर यंत्र चालू केलेत का? काल ती बसली होती तेवढेच. "बरं. आता हात लावू नका. पुसलेली फाईल लगेच जात नाही. पाटी निघते, सामान तिथेच असतं, वर दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत." डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची घेतली ते बरे झाले, असेही म्हणाल्या. पाच दिवस लागतील. हमी नाही.

मी म्हटले, माझा सगळा भाग गेला तरी चालेल, त्या तेवीस काढा. मावशी म्हणाल्या, असा अदलाबदलीचा व्यवहार नसतो हो यात.

शनिवार, २१ मार्च

घरात तिघे फार नम्रपणे वागत आहोत. मीठ सरकवताना आभार मानले जातात.

रात्रीचे जेवण आवरल्यावर चष्मेवाली भिंगे पुसत बसली होती. म्हणाली, एक जरी फाईल उघडून ऐकली असतीत तर कळलं असतं. मी व्रताचे सांगितले.

"ते झालं लोकांना सांगायचं. खरं काय?"

सहा वर्षे हिने माझे डोळे तपासले आहेत; हिच्यासमोर अक्षरे चुकीची वाचून उपयोग नसतो. खरे सांगितले. मला त्यांच्या आवाजाची भीती वाटत होती. तो भरदार असेल, खर्जातला असेल, आणि एकदा ऐकला की या घरात माझा आवाज मलाच पातळ वाटू लागेल.

तिने भिंग उजेडात धरून पाहिले. "तुम्ही ना," म्हणाली. माझा चष्मा काढून घेतला आणि तोही पुसून दिला.

मंगळवार, २४ मार्च

तेवीसपैकी एकवीस मिळाल्या. दोन गेल्या. मावशींनी फायली उघडून पाहिलेल्या नाहीत, फक्त तारखांची यादी कागदावर काढून दिली.

युवराज्ञींनी यादी दोनदा वाचली. "बाबांची एकही गेली नाही ना?" नाही. "मग चालेल. माझ्या दोन गेल्या त्या परत करता येतील. रोजचंच आहे." मला ते नीट कळले नाही. मनातले बोललेले परत तसेच कसे बोलता येईल? पण ती गेल्या सहा दिवसांत प्रथमच पुरे वाक्य बोलली होती, म्हणून मध्ये पडलो नाही.

नंतर एकटा असताना त्या तारखा या वहीशी ताडून पाहिल्या. त्या दिवशी मी तिला नेमके काय दुखावले ते कळावे म्हणून. १७ फेब्रुवारी, नळाचा वायसर. २२ फेब्रुवारी, बटाटे. ३ मार्च, एकच पण फार लांबलचक फाईल, त्या दिवशी तर बिचारी तापाने पडून होती. ९ मार्चपासून रोज एक, आणि त्या दिवसांत माझ्याकडे घडलेच काही नाही. मी कामावरून घरी आलो, एवढेच. वहीतून काही निष्पन्न होत नाही. ज्या दिवशी नोंदण्यासारखे काही नसते नेमके त्याच दिवशी मी अपराध करतो असे दिसते.

शनिवार, २८ मार्च

आज तिघे मिळून दुकानात गेलो. मावशींनी पट्टीचा तोच कागद पुढे केला. यांचा भाग पुन्हा भरणार, म्हणाल्या, तेव्हा आता नीट ठरवा.

मी आधीच ठरवून आलो होतो. माझे शंभर घ्या आणि लिफ्टवाल्यांना द्या. मावशींनी मान हलवली. शेजारच्याची जागा सहज घेता येते. पलीकडच्याची घ्यायची तर मधल्याला सामानासकट उचलून सरकवावे लागते. आणि मध्ये युवराज्ञींना मीच बसवले होते, बरे दिसावे म्हणून.

"माझ्यात किती भरलंय?" युवराज्ञींनी विचारले. चार जीबी. शाळेचा अभ्यास. बाकी एकशे शहाण्णव रिकामे.

"मग माझा भागच काढून टाका. ती जागा बाबांना द्या."

"आणि तू कुठे जाशील?" मी विचारले. माझा आवाज अपेक्षेपेक्षा वर गेला.

ती कागदावरच्या पट्टीकडे बघत होती. "माझं शाळेचं तुमच्याकडे ठेवते ना. तुमच्याकडे जागा पुष्कळ आहे." आणि मग, "मला वेगळी खोली नको होती. तुम्ही 'किती' विचारलंत. 'हवी का' असं कुठे विचारलंत?"

नगरसभेत मी असा मुद्दा ऐकला असता तर चौकटीत छापला असता.

मावशींना पाऊण तास लागला. मधली भिंत गेली. लिफ्टवाल्यांचे चारशे सोळा झाले. माझ्या भागात एक नवे फोल्डर आले, 'शाळा' नावाचे. आम्ही दोघे आता खेटून आहोत, लिफ्टवाले आणि मी. बरे दिसते की नाही हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

मावशींची एक पद्धत आहे. रेडिओच्या दिवसांपासून. दुरुस्त केलेली वस्तू वाजवून दाखवल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. फायली असतील तर पहिली आणि शेवटची. मी व्रताचे काही बोलणार होतो, पण चष्मेवालीने माझी बाही धरली होती.

पहिली. एका इमारतीचा आकडा, सहावा मजला, सकाळी नऊ दहा. आवाज साधाच, काहीसा नाकातला. त्यांना सर्दी झाली होती. दीड महिना मी या आवाजाला घाबरत होतो. मग घरघर, दारांची खडखड, कुठेतरी लोखंड लोखंडाला घासल्यासारखे, आणि शेवटी शिंक आवरत, "ब्रेकची पट्टी झिजली आहे. बदलणे." चष्मेवाली हसली. डोळ्यांतून पाणी येत असताना माणूस इतके नीट हसू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

शेवटची. सोळा मार्च.

"दुसरा मजला, डावीकडचं दार," युवराज्ञींचा आवाज, हळू, कामापुरता. "संध्याकाळी सहा चाळीस."

बराच वेळ काही नाही. मग जिन्यात पावले. कोणी तरी खाकरले. कुलपात किल्ली गेली, अडली. बाहेर निघाली, पुन्हा गेली, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा फिरली. दार उघडले आणि एक पातळसा, मध्यमवयीन आवाज म्हणाला, "आहे का कोणी घरात?" पुढे तोच आवाज चपलांच्या कपाटावर पडलेल्या फोनबद्दल कुरकुर करत दूर गेला. मग तिचा आवाज, जवळून, तोंड फोनला लावून बोलावे तसा.

"दोनदा अडते. तिसऱ्यांदा फिरते. दोष नाही."

मावशींनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, वाजतंय व्यवस्थित. युवराज्ञी भिंतीवरच्या जुन्या रेडिओंकडे अतिशय एकाग्रतेने पाहत होत्या. कानाच्या पाळ्या लाल. मला आता त्या पाळ्यांचा अर्थ नव्याने लावावा लागणार आहे. मी चष्मा काढला, पुसला, घातला. तरी दुकान पुसटच होते.

मग घरी आलो. जिन्यात पहिल्या मजल्यावर ती आमच्या पुढे गेली. "तुम्ही थांबा, काका. आई, तू माझ्याबरोबर आत ये." दार उघडून दोघी आत गेल्या आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतले. आतून ऐकू आले, "दोन राहिल्यात. नेहमीसारखे या."

मी एकटा जिन्यात. नेहमीसारखे कसे येतात ते आठवावे लागले. चार पायऱ्या खाली जाऊन पुन्हा वर आलो, खाकरलो आणि किल्ली लावली.

किल्लीवाल्याकडे जायचे होते, ते राहून गेले होते. २ फेब्रुवारीच्या पानावरची ती ओळ आज खोडली आहे.